दुसरा आणि चौथा शनिवार

कॅश पाच हजारांनी शॉर्ट होती. मोजण्यात चूक झाली असेल म्हणून पुन्हा मोजली, आधी मशीनवर, मग हाताने. पाचशेच्या नोटांची पॅकेटं सोडून परत बांधली, ड्रॉवर उपसला, खुर्चीखाली वाकून बघितलं, कचऱ्याची बादलीसुद्धा पालथी केली. शाखाधिकारी साहेब तिजोरीची दुसरी किल्ली हातात घेऊन उभे होते. काही बोलत नव्हते, आणि तेच जास्त लागत होतं. सतरा वर्षांच्या नोकरीत माझी कॅश दोनदाच कमी आली होती, तीही शे-दोनशे रुपयांनी.

शेवटी कॅमेरा बघितला. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. खिडकीपलीकडे एक खातेदार, अलीकडे मी. वीस हजार द्यायचेत. नोटा मशीनमधून मोजून बाजूला ठेवतो आणि मग काही सेकंद नुसता बसून राहतो. डोळे उघडे आहेत, पण मी तिथे नाही. नंतर हात आपोआप हलतो, शेजारच्या थप्पीतल्या काही नोटा त्यात मिसळतात आणि सगळंच खिडकीतून बाहेर जातं.

"बरं नाही का?" साहेबांनी विचारलं.

"रात्री झोप नीट झाली नाही, साहेब."

खोटं नव्हतं ते. फक्त पहाटे सव्वाचारला उठून यवतेश्वरचा घाट दोनदा चढून आलोय, हे सांगितलं नाही. त्या खातेदाराला फोन केला, तर तो म्हणाला, मी मोजून घेतले, बरोबर होते. कॅमेऱ्यात हात दिसतो, नोटांचा आकडा दिसत नाही. कॅशिअरची तूट कॅशिअरने भरायची असते. भरली.

ही नोव्हेंबरच्या मध्यातली गोष्ट. जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी शर्यत होती आणि तिच्यासाठी मी मरमर सायकल चालवत होतो.

मी सातारचा. वय बेचाळीस, एका सहकारी बँकेत नोकरी, शाखा कोरेगाव रस्त्यावरच्या एका मोठ्या गावात. बायको जावळी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, रोज एसटीने जाते. एक मुलगी, त्या वर्षी स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसलेली. आई आमच्याजवळ असते, तिचे गुडघे दुखतात. एवढी माणसं आधीच सांगून ठेवतो, कारण सायकलच्या गोष्टी वाचताना मला नेहमी प्रश्न पडायचा की यांच्या घरी दूध कोण तापवतं?

लहानपणी पेपरात मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे फोटो यायचे. बोरघाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, ते शब्द डोक्यात बसले होते. आमच्याकडे घाट भरपूर, पण राजा व्हायचं ते राहूनच गेलं. छत्तिसाव्या वर्षी डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सांगितलं आणि मी घरातली जुनी सायकल काढली. पुढे मित्रांच्या नादाने २०० किलोमीटरची ब्रेव्हे केली. ब्रेव्हे ही शर्यत नसते. साडेतेरा तासांत अंतर कापायचं, मधल्या ठिकाणी कार्डावर शिक्के घ्यायचे, पहिला-दुसरा असा नंबर नाही. ती पूर्ण झाल्यावर वाटलं, आता नंबर असलेलं काहीतरी करून बघू. तिथून सगळं बिघडलं.

स्टाफ पतपेढीतून कर्ज काढून पंच्याऐंशी हजारांची जुनी रोडबाईक, म्हणजे शर्यतीची सायकल, घेतली. "एवढ्यात ॲक्टिव्हा आली असती, तीही नवीकोरी," बायको म्हणाली. मी तिला नाशिकच्या महाजन बंधूंचं उदाहरण दिलं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र, दोघेही व्यवसायाने डॉक्टर, आणि २०१५ साली दोघांच्या टीमने अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' शर्यत पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण केली. "डॉक्टरांना जमतं, मग कॅशिअरला का नाही?"

"त्यांच्या घरच्यांना विचारून आलात का?" ती म्हणाली.

पहिल्या शर्यतीचं फार सांगण्यासारखं नाही. पुणे जिल्ह्यातली हौशी शर्यत, नव्वद किलोमीटर, मध्ये एक घाट. चाळिशीपुढच्या गटात मी होतो. सकाळी पोहे खाल्ले, खिशात एक केळं टाकलं, झालं. पासष्ट किलोमीटरपर्यंत जोरात गेलो आणि मग कुणीतरी बटण बंद करावं तसे पाय थांबले. सायकलवाले याला 'बॉन्क' म्हणतात. स्नायूंतली आणि यकृतातली साठवलेली साखर संपते, मग तुमची कितीही इच्छा असो, अंग ऐकत नाही. मांडीत गोळे आले. रस्त्याकडेच्या रसवंतीत बसून लागोपाठ तीन ग्लास रस प्यालो आणि शर्यत पूर्ण केली ती केवळ परत यायला दुसरं वाहन नव्हतं म्हणून. एक्कावन्न जणांत चौतिसावा.

खाण्याचं गणित त्या दिवशी कळलं. तासाला साधारण साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, तीही भूक लागायच्या आधीपासून. सायकलवाले चालवताना खातात ते पाकिटातलं गोड जेल प्रत्येक वेळी परवडत नाही. माझ्या खिशात मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खजूर आणि राजगिऱ्याच्या वड्या असतात. बाटलीत लिंबू, मीठ, साखर. याचा शोध कुणा कोचने लावलेला नाही, आईने लावला. "वारीला जाताना काय नेतात? तेच ने," ती म्हणाली.

पावसाळ्यात साताऱ्यात सायकल बाहेर काढणं म्हणजे चेनला गंज आणि घाटात दरडीची भीती. म्हणून जुना ट्रेनर घेतला. मागचं चाक काढून सायकल त्यावर बसवायची आणि जागच्या जागी पॅडल मारायचं. पॅसेजमध्ये तो लावला, खाली दोन गोधड्या घातल्या, तरी दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. "मिक्सर बिघडलाय का तुमचा? पहाटे पाचला वाटण लावता म्हणजे कमालच आहे." ट्रेनरवर किती वॅट लावतोय ते कळतं. वीस मिनिटं जीव खाऊन चालवायची, जी सरासरी येईल तिचे ९५ टक्के धरायचे. साधारण एवढी ताकद आपण तासभर टिकवू शकतो. ऑगस्टमध्ये माझे आले २०४ वॅट, वजन ७१ किलो. किलोमागे तीनसुद्धा नाहीत. घाटात हाच आकडा चालतो, बाकी सगळी शोभा.

मग मी पेटलो. आठवड्याला नऊ-दहा तास चालवायचं ठरवलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार पहाटे घाट, शनिवारी लांब, रविवारी ग्रुपबरोबर. ऑक्टोबरअखेर आकडा २१४ वर गेला आणि तिथेच रुतून बसला. मी आणखी चालवलं. सकाळी उठल्यावर नाडी बावन्न असायची ती एकसष्ट पडायला लागली. याचा अर्थ मला माहीत होता. शरीर सावरलेलं नाही, आज आराम. पण ज्याला आराम नको असतो त्याला अर्थ माहीत असून काय उपयोग. चिडचिड वाढली, बोलता बोलता शब्द सापडेनात, जेवताना डोळे मिटायचे. आणि मग ते पाच हजार.

घरी सांगितलं तेव्हा बायकोने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने चपात्यांचा डबा बंद केला आणि म्हणाली, "पैशाचं एवढं काही नाही. पण तुम्ही सारखं म्हणता ना, मी सायकलसाठी वेळ काढतो. कुठून काढता?"

"पहाटे उठतो की."

"पहाट तुमची एकट्याची आहे का? बँकेत रोज जमा-नावे लिहिता. घरी एक आठवडा लिहा. तुमचे तास कुणाच्या नावे पडतात ते बघू."

रागाच्या भरात मी मुलीची एक जुनी वही घेतली आणि खरंच लिहायला बसलो. आठवडाभराची नोंद अजून आहे माझ्याकडे. मंगळवार: दीड तास घाट. परत यायला सहा पन्नास झाले, मुलीला स्कूलव्हॅनपर्यंत आईने सोडलं, दोन जिने उतरून आणि चढून. बुधवार: रात्री साडेआठला सोफ्यावर पडलो, मुलीचे अपूर्णांक राहिले. गुरुवार: गिअर नीट पडत नव्हते म्हणून संध्याकाळी पाऊण तास सायकलपाशी, बायकोने दळण आणलं, गॅसवाल्याला दार उघडलं, आईच्या गोळ्या आणल्या. शनिवारी बँकेला सुट्टी होती: पाच तास सायकल, मग दोन तास झोप, मग चाळीस मिनिटं सायकल धुणं. मंडई राहिली. रविवार: ग्रुप राइड चार तास, त्यातला दीड तास मिसळ. (आमच्याकडच्या सायकलिंगमधला मोठा भाग मिसळच आहे, हे कुणी उघड बोलत नाही.)

सायकलवर बसलो होतो साडेअकरा तास. घराच्या नावे पडले होते एकोणीस. त्यांतले चार आईच्या गुडघ्यांच्या नावे.

मी वही दोन-तीनदा तपासली, जशी कॅश तपासली होती तशी. जुळत होती.

नवीन मांडणी बायकोने आणि मी मिळून केली, आणि तिच्यापुढे माझं फार चाललं नाही. आठवड्याच्या मधल्या दिवसांत पहाटे फक्त दोनदा, आणि सव्वासहाला घरात म्हणजे घरात. साडेसहा ते साडेसात हा तास माझा. मुलीचा डबा, तिला व्हॅनपर्यंत सोडणं, आईचा चहा. रविवार पूर्ण घरचा, म्हणजे ग्रुप आणि मिसळ दोन्ही बंद. लांबचा पल्ला फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना हे दोन शनिवार सुट्टी असते, बाकीच्या शनिवारी पूर्ण दिवस काम. ज्याने कुणी तो निर्णय घेतला त्याला माहीतही नसेल की साताऱ्यात एका माणसाचं ट्रेनिंगचं वेळापत्रक त्यावर उभं आहे. आणि रात्री पावणेदहाला दिवा बंद. मोबाइल स्वयंपाकघरात.

या हिशेबात आठवड्याला जेमतेम साडेचार तास भरत होते. एवढ्यात शर्यत होत नाही, असं मी म्हणालो. मग तिनेच विचारलं, "शाखेत मोटारसायकलवर जाता ना? किती वेळ लागतो?"

पंचवीस मिनिटं. सायकलवर चाळीस. फरक पंधरा मिनिटांचा, म्हणजे जाऊन-येऊन अर्धा तास, आणि त्या बदल्यात ऐंशी मिनिटं सायकल. हा हिशेब सतरा वर्षं नोटा मोजणाऱ्या माणसाला सुचला नव्हता.

सोमवारी बँकेचे दोन शर्ट, पँट आणि टॉवेल शाखेत नेऊन ठेवले. मंगळवार-शुक्रवार सायकलने जायला लागलो. पहिल्या दिवशी शिपाईमामा घाबरले, गाडीला काय झालं म्हणून. पासबुक भरायला आलेल्या एका आजोबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय ओ, बँक पगार देत न्हाय व्हय?" आठवड्याभरात सवय झाली. साहेबांनीही मान्य केलं, अट एकच: काउंटरवर बसताना टाय नसला तरी चालेल, पण घामाचा वास नको.

जाताना आरामात जायचं, नाडी १३० च्या आत, बोलता येईल इतकी. खरं काम पहाटेच्या दोन दिवशी. एक दिवस बोगद्यापासून यवतेश्वर एकदाच, पण जीव तोडून. दुसऱ्या दिवशी त्याच चढावर आठ-आठ मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये चार मिनिटं विश्रांती. संपलं की घर. पूर्वी मी रोज मध्यम जोराने चालवत होतो, म्हणजे दमायला पुरेसं आणि सुधारायला अपुरं. हे पुस्तकात वाचलं होतं. पटलं मात्र वहीमुळे.

डिसेंबरमध्ये संध्याकाळी परत येताना अंधार असायचा. उसाचा हंगाम, रस्त्यावर ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बाजूने ऊस लोंबलेला, मागे दिवा नाही, पुढे गाणी मोठ्याने. माहुलीच्या पुलाच्या अलीकडे अशीच एक ट्रॉली पुढे होती, वीसच्या वेगाने. तिच्या मागे वारा लागत नव्हता. शर्यतीत आपण दुसऱ्याच्या चाकामागे याचसाठी लपतो, एक तृतीयांशापर्यंत जोर वाचतो. मोह झाला, मागे लागलो. दोन मिनिटं मजेत गेली. मग वरून एक कांडकं पडलं, चाक त्यावर गेलं आणि मी कोपरावर रस्त्याकडेला.

ट्रॅक्टर पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर उतरून मागे आला, बीडकडचा पोरगा होता, विशीतला. "लागलं का ओ, दादा?" कोपर सोललं होतं, मागचा गिअर धरून ठेवणारा हँगर वाकला होता, बाकी ठीक. त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतलं. मी त्याला दिवा का नाही म्हणून बोलणार होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "तीन वाजल्यापास्नं जागा हाय. फडातच उजाडलं. आता कारखान्यावर नंबर लागस्तोवर सकाळ व्हईल." त्याने ट्रॉलीतून एक ऊस उपसून मला दिला आणि गेला. मी तो ऊस सायकलच्या दांड्याला बांधून घरी आणला. मुलीला आवडला. कोपराची नोंद त्या दिवशी वहीत केली नाही, पण टेललाइट दोन लावायला लागलो आणि ट्रॉलीच्या मागे पुन्हा कधी गेलो नाही.

डिसेंबरच्या चौथ्या शनिवारी मोठा फेरा केला. सातारा, मेढा, केळघरचा घाट, महाबळेश्वर, पाचगणी, पसरणीचा घाट उतरून वाई आणि परत. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे पाचला निघालो. मेढ्याच्या पुढे एवढं धुकं होतं की हेल्मेटच्या कडेवरून थेंब गळत होते. केळघरच्या घाटात वर चढता चढता धुकं खाली राहिलं आणि ऊन आलं. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीच्या पाट्या घेऊन लोक उभे होते. थांबलो नाही, दर पाऊण तासाला एक बटाटा तेवढा तोंडात टाकला. दुपारी एकच्या आत घरी. सायकल ओल्या फडक्याने पुसली, पंधरा मिनिटांत. मग मंडईत गेलो. जिने चढताना पाय थरथरत होते, पण दोन पिशव्या होत्या हातात, आणि त्या दिवशी झोपलो ते रात्रीच.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ट्रेनरवर वीस मिनिटांची चाचणी केली. २२८ वॅट, वजन साडेअडुसष्ट. सकाळची नाडी एक्कावन्न. पूर्वीपेक्षा कमी चालवून हा आकडा आला, याचा मला आनंद होण्याऐवजी थोडा राग आला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुसरा शनिवार होता, म्हणून रजा मागावी लागली नाही. पहाटे अंधारात लाइनवर उभे राहिलो तेव्हा मागच्या वर्षीचे काही चेहरे भेटले. मिरजेकडचे एक एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, एक शाळेत खेळाचे शिक्षक, एक मेडिकलवाले. वॅट, चाकं, टायर यांवर बोलणं फार नाही. "रात्रपाळी होती का?" "दुकान कोण बघतंय?" "पोरगं बारावीला ना तुझं?" पंचवीस-तीसच्या गटातली पोरं शेजारी गरम होत होती, त्यांच्या सायकली आमच्या मोटारसायकलींपेक्षा महाग. मेकॅनिक म्हणाले, "यांना रविवारी दळण आणायचं नसतं."

सुरुवातीचे चाळीस किलोमीटर घोळक्यात गेले. घोळक्यात डोळे पुढच्याच्या चाकावर आणि कान पुढच्यांच्या ओरडण्यावर ठेवायचे. "खड्डा!" "डावीकडे!" "ब्रेकर!" असं मागे मागे पोचत जातं. एका वळणावर वारा बाजूने लागला आणि घोळका रस्त्यावर तिरपा पसरला. मी मागे राहिलो असतो, पण मेकॅनिकनी मान न वळवता ओरडून सांगितलं, "चाक सोडू नको!" सोडलं नाही. खिशातले बटाटे वेळेवर खाल्ले. पासष्टावा किलोमीटर आला तेव्हा मुद्दाम बाजूला बघितलं. रसवंती तिथेच होती, बंद.

घाटाच्या पायथ्याशी पुढचे आठ-नऊ जण एकदम सुटले. मागच्या वर्षीचा मी त्यांच्यामागे गेलो असतो. या वेळी नाडी मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्याचा आकडा १६८ वर आला आणि तिथेच धरला. ते वीस मीटर पुढे गेले, पन्नास गेले, वळणाआड गेले. हे सहन करणं चढापेक्षा कठीण होतं. घाटाच्या मध्यावर त्यांच्यातला एक दिसला, मग दुसरा, वाकडेतिकडे चालवत होते. त्यांच्या बाजूने जाताना मी काही बोललो नाही. मला रसवंती आठवत होती.

माथ्यावर मेडिकलवाले भेटले आणि आणखी एक जण, निळ्या जर्सीतला, ज्याच्याशी आधी कधी बोललो नव्हतो. पुढे वीस किलोमीटर सपाट आणि समोरून वारा. तिघांनी पाळ्या लावल्या. एक मिनिट पुढे, मग बाजूला होऊन मागे, परत तेच. नावं कुणी विचारली नाहीत. निळ्या जर्सीवाल्याची पाळी छोटी होत गेली तसं आम्ही दोघांनी थोडं जास्त ओढलं. शेवटच्या पाचशे मीटरमध्ये अर्थातच त्याने आमच्या मागून उसळी मारून आम्हाला गाठलं आणि पुढे गेला. मेडिकलवाल्यांनी अशी शिवी दिली की उतरल्यावर सगळ्यात आधी आम्ही त्यावरच हसलो.

मी अकरावा आलो. बक्षीस पहिल्या तिघांना. मेकॅनिक पाचवे आले, दुपारी दोनच्या आत परत निघाले, रात्री ड्युटी होती.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मुलीने मेडल बघितलं, ते पूर्ण करणाऱ्या सगळ्यांनाच देतात हे तिच्या लगेच लक्षात आलं. "पप्पा, अकरावा म्हणजे वर्गात माझा पण तेवढाच आला होता मागच्या वेळी. तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?" काय म्हणालो होतो ते मला आठवत होतं. मी अंघोळीला गेलो.

सोमवारी काउंटरवर बसलो. कॅश जुळली.

फेब्रुवारीत मुलीची परीक्षा होईपर्यंत पहाटेचा एकच दिवस ठेवला. अपूर्णांक संपले, मग शेकडेवारी, मग नफा-तोटा. आणि मार्चअखेर जवळ आला की बँकवाल्याने सायकलचं नाव काढू नये, तेव्हा खुंटीवरची सायकल बघूनसुद्धा दमायला होतं. आकडा उतरला असेल. चाचणी घेतली नाही.

एप्रिलचा दुसरा शनिवार वहीत आधीपासून बायकोच्या नावाने लिहिलेला होता. तिच्या शाळेतल्या सगळ्या बायका मिळून नरसोबाच्या वाडीला जाणार होत्या, पहाटे पाचला गाडी. मी साडेचारला उठून तिचा चहा केला, ती जिना उतरेपर्यंत बॅटरी धरली, आणि सवयीने हात हेल्मेटकडे गेला तो मागे घेतला. दुपारी भाकरी करायला बसलो. पहिली तव्यावर टाकतानाच फाटली. दुसरी अर्धी जळाली. आई स्टुलावर बसून बघत होती.

"अरे, कडा दाब, कडा," ती म्हणाली. "मधनं पातळ आणि कडेला जाड, टायर करतोयस का भाकरी?"

तिसरी फुगली.